ओझोनचे वाळवण कोण घालणार?

आजचा लेख जरा तिखट आहे, आणि तो आपल्याच माणसांसाठी आहे, हे आधीच सांगून ठेवते. गेल्या पाच-सहा वर्षांत आमच्या नात्यात आणि ओळखीत निदान सहा घरी भाजी धुण्याचे ओझोन यंत्र आले. कोणी २०२० साली करोनाच्या धास्तीने मागवले, कोणाला गृहप्रवेशाला भेट आले, कोणाच्या दारात विक्रेता येऊन घमेल्यातल्या द्राक्षांवर फेस काढून दाखवून गेला. सहाही घरी मी एकच प्रश्न विचारला, "हे यंत्र कोरडे कसे ठेवायचे ते तुम्हाला कोणी सांगितले का हो?" सहाही घरी उत्तर एकच. "कोरडे? अहो, ते तर पाण्यातच वापरायचे ना!"

सगळी गोम इथेच आहे मंडळी. पाण्यात बुडते ती फक्त नळी. यंत्राच्या पोटात मात्र पाण्याचा अंशही जाता कामा नये, आणि तो तर हवेतून सतत जात असतो. माझे म्हणणे थोडक्यात असे, की ज्या यंत्राला कोरडी हवा लागते ते आपल्या पावसाळी मुलखात हवा सुकवण्याच्या सोयीशिवाय विकणे ही फसवणूक आहे. आणि ते कोणाला भेट देणे म्हणजे, देणाऱ्याचे मन कितीही चांगले असो, घेणाऱ्याच्या गळ्यात लोढणे अडकवणे आहे.

मी विज्ञानाची शिक्षिका नव्हे. चौतीस वर्षे मराठी आणि इतिहास शिकवला. पण आमच्या शाळेतले विज्ञानाचे सर अजून संध्याकाळी फिरायला भेटतात, त्यांना प्रश्न विचारून विचारून भंडावले, मिळेल ते वाचले, आणि मगच लिहायला बसले आहे.

प्रथम ओझोनला त्याचे श्रेय देते, नाहीतर म्हणाल की बाई जुन्या विचारांच्या आहेत, यंत्र म्हटले की नाक मुरडतात. बाझेलचे प्राध्यापक शोनबाइन यांना पाण्यातून वीज सोडताना एक विशिष्ट वास येई. त्यावरून १८४० साली त्यांनी या वायूला नाव दिले ते ग्रीक भाषेतल्या 'वास येणे' या क्रियापदावरून. पुढे १८५७ साली जर्मनीच्या वेर्नर सीमेन्स यांनी ओझोन बनवण्याची नळी तयार केली. फ्रान्समधल्या नीस शहरात १९०६ पासून पिण्याचे पाणी ओझोनने शुद्ध होऊ लागले. जंतू मारण्यात ओझोन पटाईत आहे यात शंका नाही. जिथे माहीतगार माणसे त्याची निगा राखतात तिथे तो उत्तम काम करतो. माझे भांडण आहे ते निगा गाळून नुसते यंत्र विकणाऱ्यांशी.

आता यंत्राच्या पोटात काय चालते ते पाहू. दोन धातूंच्या मध्ये काचेचा किंवा चिनी मातीचा पडदा असतो, शेजारी अगदी अरुंद फट ठेवलेली असते, आणि तिथे काही हजार व्होल्टचा दाब असतो. त्या फटीतून पंप हवा ढकलतो. विजेने प्राणवायूचे रेणू फुटतात, आणि सुटे अणू शेजारच्या रेणूंना चिकटून तीन-तीन अणूंचा ओझोन होतो. इथपर्यंत खोक्यावरच्या चित्रात असते. पण हवेत प्राणवायू फक्त एक पंचमांश. बाकी बहुतेक सगळा नत्रवायू, आणि आपल्याकडे भरीला वाफ. विजेच्या त्या माऱ्यात नत्रवायूचीही ऑक्साइडे होतात, त्यांना ओल मिळाली की नत्राम्ल तयार होते. हो, तेच ते प्रयोगशाळेतले, ज्याच्या बाटलीला सर आम्हाला हात लावू देत नसत! ते थोडे थोडे त्या फटीत साचते, धातू खाते, पांढरट-हिरवट थर धरते. ओलीमुळे ओझोन तर कमी होतोच, शिवाय वीज भलत्या जागी ठिणगी टाकते आणि काच तडकू शकते. (काही यंत्रांत अतिनील दिवा असतो. त्यात हा त्रास बराच कमी, पण ओझोनही कमीच. घरोघरी आलेली यंत्रे मी पाहिली ती सगळी पहिल्या जातीची.)

म्हणून पाणीपुरवठ्याच्या मोठ्या केंद्रांत ओझोनच्या यंत्राआधी हवा सुकवण्याची यंत्रणा असते. तिथे हवेचा दवबिंदू उणे ६० अंशांपर्यंत खाली नेतात. म्हणजे एका घनमीटर हवेत पाणी उरते जेमतेम एक शतांश ग्रॅम. आमच्या रत्नागिरीला जुलैमध्ये २८ अंश तापमान आणि ९० टक्के आर्द्रता धरा. एका घनमीटर हवेत सुमारे २४ ग्रॅम पाणी! एक शतांश कुठे आणि चोवीस कुठे. ज्या हवेत मिठाच्या बरणीला पाणी सुटते, काड्यापेटी पेटत नाही, कपाटातल्या पुस्तकांवर बुरशी धरते, ती हवा हे घरगुती यंत्र तशीच्या तशी गिळते. पुण्याला पावसाळ्यात थोडे बरे, पण फार बरे नाही.

"मग सिलिका जेल लावायचे," असे एका जाणत्या भाच्याने सांगितले. बरोबर आहे त्याचे. औषधांच्या बाटलीत आणि नव्या चपलांच्या खोक्यात ज्या पुड्या येतात, तेच हे खडे. एका नळकांड्यात भरायचे, हवा त्यातून जाऊ द्यायची, खडे पाणी शोषून घेतात. आता शाळेसारखा हिशेब करू. पंप मिनिटाला ३ लिटर हवा ओढतो असे धरा. भाजी, फळे मिळून रोज अर्धा तास यंत्र चालले तर ९० लिटर हवा गेली. तिच्यात पाणी दोन ग्रॅमच्या वर. शंभर ग्रॅम खडे चांगल्यापैकी काम देत देत साधारण २० ग्रॅम पाणी घेतील असे समजू. म्हणजे नऊ-दहा दिवसांत खडे संपृक्त! जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत ते बारा-तेरा वेळा सुकवायला हवेत. आणि सुकवायचे म्हणजे उन्हात नव्हे (आणि जुलैत ऊन आणायचे कुठून?), तर ११०-१२० अंशांच्या भट्टीत दोन-तीन तास. निळे खडे ओले झाले की गुलाबी होतात आणि सुकले की पुन्हा निळे. पण त्या निळेपणात कोबाल्ट क्लोराइड असते, ते विषारी आहे. म्हणजे ज्या ओव्हनमध्ये नातवंडांचा केक होतो त्यात ते भाजणे मला तरी पटत नाही. नारिंगी रंगाचे खडे मिळतात, त्यांत कोबाल्ट नसते, पण भट्टी त्यांनाही लागतेच. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला म्हणतात तो हाच.

हा मसाला कोण वाटणार? इथे मला खरा राग येतो. आपल्याकडच्या बायकांना वाळवणाचे कोणी शिकवायला नको. पापड, कुरडया, सांडगे, आमसुले, मिरच्या, सगळे उन्हाळ्यात वाळवून, डबे घट्ट लावून, पावसाची बेगमी करण्यात पिढ्या गेल्या. कोणते पीठ किती दिवसांत ओल धरते ते त्यांना बोटाच्या स्पर्शाने कळते. त्यांना कोणी एकदा नीट सांगितले असते की बाई, या यंत्राचेही वाळवण घालावे लागते, तर त्यांनी एकतर ते चोख केले असते किंवा दारातूनच परत पाठवले असते. पण जाहिरातीत म्हणे 'एक बटण दाबा आणि निश्चिंत व्हा'. श्रम वाचवण्याच्या नावाखाली आणखी एक वाळवण घरातल्या बाईच्या माथी मारायचे, आणि ते मारले आहे हेही तिला कळू द्यायचे नाही, याला काय म्हणावे?

आमच्या घरचेच सांगते. माझ्या जाऊबाईंना दमा आहे. पुतण्याने आईच्या काळजीपोटी भाजीचे यंत्र पाठवले. (बाळा, तू हे वाचणार आहेस, रागावू नकोस. तुझ्या मायेबद्दल कोणाला शंका नाही.) दोन पावसाळे ते ओट्याशेजारी भिंतीला टांगलेले होते. तिसऱ्या वर्षी फेस येईना. कंपनीच्या माणसाने झाकण उघडले तर आत सगळे थर धरलेले, जोडणीच्या तारा खाल्लेल्या, रबरी नळीला चिरा. (ओझोन रबर खातो. सिलिकॉनची किंवा टेफ्लॉनची नळी टिकते, पण हेही पुस्तिकेत नाही.) मग त्या माणसाने वहीत लिहिले, 'ओल लागल्यामुळे बिघाड, वॉरंटी लागू नाही'. आणि तोंडाने म्हणाला, "आजी, तुम्ही ओल लागू दिलीत."

वा रे न्याय! जे यंत्र दर मिनिटाला तीन लिटर ओली हवा स्वतः ओढून घेते, त्याला ओल लागली हा जाऊबाईंचा दोष! सगळी पुस्तिका मी चष्मा लावून वाचली. इंग्रजी आणि हिंदी, मराठीचे नाव नाही. 'कोरड्या जागी ठेवा' इतकेच. रत्नागिरीच्या स्वयंपाकघरात जुलै महिन्यात कोरडी जागा कुठली, ते त्या पुस्तिका लिहिणाराने एकदा येऊन दाखवावे. मी त्याला चहा पाजीन.

पैसे गेले ते गेले. त्याहून मोठी गोष्ट जाऊबाईंच्या छातीची आहे. ओझोन आकाशात, वीस-पंचवीस किलोमीटर वर असतो तेव्हा आपले रक्षण करतो. नाकाशी आला की तोच फुप्फुसांना झोंबतो, आणि दमेकऱ्यांना अधिकच. आपल्या देशाच्या २००९ च्या हवेच्या मानकांत आठ तासांच्या सरासरीला ओझोनची मर्यादा घनमीटरमागे १०० मायक्रोग्रॅम आहे. आता पुन्हा हिशेब. साधे स्वयंपाकघर २० घनमीटरचे धरा. मर्यादा गाठायला त्यात ओझोन लागतो अवघा २ मिलिग्रॅम. जाऊबाईंच्या यंत्राच्या खोक्यावर ताशी ४०० मिलिग्रॅम असे अभिमानाने छापले होते. म्हणजे दहा मिनिटांत ६० च्या वर. त्यातला दहावा हिस्सा जरी पाण्यात न विरघळता वर आला, तरी मर्यादेच्या तिप्पट झाला. भिंतींना, कपड्यांना लागून तो हळूहळू नाहीसा होतो हे खरे, आणि दहा मिनिटे म्हणजे आठ तास नव्हेत हेही खरे. पण घमेल्यावर वाकून भाजी चोळणारी बाई भिंतीपाशी नसते, ती बुडबुड्यांच्या तोंडाशीच असते.

म्हणजे पाहा, कात्रीत कसे सापडतो आपण. छातीसाठी खिडकी उघडावी तर पावसाची हवा थेट यंत्रात. यंत्रासाठी खिडकी लावावी तर ओझोन घरात. यातून सुटका नाही. असलीच तर ती हवा सुकवणारे दुसरे यंत्र घेण्यात!

"वास येतो ना, मग चालतेय की," असे म्हणणारे भेटतात. ओझोनचा वास फार थोड्या प्रमाणातही येतो आणि थोड्या वेळाने नाक त्याला सरावते. वास आला म्हणजे भाजी शुद्ध झाली असे नव्हे. तो वायू भाजीकडे न जाता तुमच्याकडे आला, एवढेच त्याने कळते. खोलीची हवा शुद्ध करणारी ओझोन यंत्रे तर मी विचारातच घेत नाही. अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने स्पष्ट सांगितले आहे, की माणसाला चालेल इतक्या कमी प्रमाणात ओझोन घरातली हवा फारशी शुद्ध करू शकत नाही. कॅलिफोर्निया राज्यात तर २०१० पासून ०.०५ पीपीएमपेक्षा जास्त ओझोन सोडणारी हवाशुद्धीची घरगुती यंत्रे विकायला बंदी आहे.

दुसरा आक्षेप जास्त प्रामाणिक आहे. "काकू, भाज्यांवर इतकी औषधे मारतात, काहीच न करण्यापेक्षा हे बरे नाही का?" भीती खरी आहे, मी ती उडवून लावणार नाही. पण पर्याय 'ओझोन किंवा काहीच नाही' असा मुळात नाहीच. जी कीटकनाशके झाडाच्या आत भिनतात त्यांच्यापर्यंत ओझोन पोचत नाही, पाणीही पोचत नाही. वर राहिलेली वाहत्या पाण्याखाली चोळून बरीच जातात. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात २०१७ साली सफरचंदांवर प्रयोग झाला. लिटरभर पाण्यात १० ग्रॅम खाण्याचा सोडा, त्यात १२ ते १५ मिनिटे भिजवल्यावर सालीवरची दोन औषधे निघून गेली. जे सालीच्या आत शिरले होते ते मात्र राहिले, हेही त्यांनी लपवले नाही. उलट ओझोनबद्दल एक गोष्ट विक्रेते सांगत नाहीत. मॅलॅथिऑन, क्लोरपायरिफॉस या जातीच्या औषधांवर ओझोनची क्रिया अर्धवट झाली तर त्यांची 'ऑक्सॉन' नावाची रूपे होऊ शकतात, आणि ती मुळापेक्षा अधिक विषारी असतात. ओल्या हवेने अर्धमेले झालेले यंत्र अर्धवट क्रियाच करणार, नाही का?

तरीही ज्यांच्या घरी यंत्र आहे आणि टाकवत नाही, त्यांच्यासाठी सरांकडून विचारून घेतलेल्या चार गोष्टी. यंत्र पाण्याच्या पातळीपेक्षा उंच ठेवा. काम झाले की आधी नळी पाण्याबाहेर काढा आणि मग बटण बंद करा, नाहीतर नळीतून पाणी उलटे चढून यंत्रात शिरते. नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह असला तरी त्यावर विसंबू नका, त्यातले रबर ओझोनने कडक होते. हवा जिथून आत जाते तिथे खड्यांचे नळकांडे बसवून घ्या, खड्यांचा रंग आठवड्यातून दोनदा पाहा, आणि यंत्र चालू नसेल तेव्हा नळकांड्याची दोन्ही तोंडे बंद ठेवा, कारण खडे काही रविवारची सुट्टी घेत नाहीत. सुकवलेले खडे घट्ट झाकणाच्या काचेच्या बरणीत गार करा. आत पाणी गेल्याची शंका आली तर यंत्र लावून 'बघू चालतेय का' करू नका. प्लग काढा आणि जाणकाराला दाखवा. आत हजारो व्होल्टचे काम आहे, घरच्या स्क्रूड्रायव्हरचे नाही. एवढे सगळे करून, यंत्र चालू असताना खोलीत उभे राहू नका, आणि घरात दमेकरी किंवा तान्हे मूल असेल तर कृपा करून ते लावूच नका. एवढे बारा महिने जमणार असेल तर खुशाल वापरा, माझी हरकत नाही.

विकणाऱ्यांकडे माझी मागणी फार मोठी नाही. खोक्यावर ठळक मराठीत चार ओळी छापा: या यंत्राला कोरडी हवा लागते, ती अशी करावी, खडे इतक्या दिवसांनी सुकवावेत, आणि यंत्र चालू असताना जवळ थांबू नये. सुकवण्याचे नळकांडे यंत्रासोबतच द्या. आणि ओलीने बिघडले तर वॉरंटी नाही, हे वाक्य एकतर काढा, किंवा विकतानाच मोठ्याने वाचून दाखवा. हे छापले तर यंत्रे कमी खपतील, म्हणूनच ते छापत नाहीत असे माझे मत आहे.

आणि आपल्या मंडळींना एवढेच सांगणे, की येत्या दिवाळीत कोणाला असले काही पाठवायचे मनात असेल तर आधी त्यांच्या घरची जुलैची हवा आठवा. जाऊबाईंकडे आता भाजी सोड्याच्या पाण्यात पाव तास भिजते, मग रोळीत घालून नळाखाली चोळून घेतात. ते यंत्र भंगारवाल्याने किलोच्या भावात नेले. रोळीला मात्र नवीन कड बसवायची आहे, रत्नागिरीला कल्हईवाला किंवा पत्र्याचे काम करणारा कोणी माहीत असेल तर कळवा.